किलोवर मोजलं तर पाइप जाड होतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की जळगावच्या एमआयडीसीत शेडचे पत्रे आणि इन्क्रिमेंटच्या गप्पा एकदमच तापतात. कोणाला किती मिळाले, कोणाच्या फॉर्मवर साहेबांनी काय लिहिलं, कोण आता सोडून चाकणला जाणार. अलीकडे त्यात सॉफ्टवेअरची भर पडली आहे. "ताई, चिरंजीव पुण्याहून एमबीए करून आलेत, त्यांनी परफॉर्मन्सचं सॉफ्टवेअर घेतलंय. तुम्ही सगळ्यांचे केआरए तेवढे बनवून द्या, सोमवारी अपलोड करायचेत," असे फोन मला येतात. केआरए म्हणजे वार्षिक मूल्यमापनात ज्यावर माणसाचं काम मोजायचं, ती ठरवून दिलेली उद्दिष्टं. मी पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागले, पुढे पर्सोनेलमध्ये गेले आणि त्याच विभागाच्या दारावर एचआर अशी पाटी लागल्यावर तिथूनच निवृत्त झाले. आता ओळखीच्या लहान-मध्यम कारखान्यांना जमेल तशी मदत करते. त्यातून जे दिसतंय ते मालकमंडळींच्या कानावर घालावं, म्हणून हे पत्र. लांबलंय, पण कृपया छापावं.

सोमवारी अपलोड होणारे केआरए कसे असतात, ते आधी सांगते. पाइप ओढणाऱ्या लाइनवर दोन गोष्टी ऑपरेटरच्या हातात असतात. एक्सट्रूडरमधून माल किती वेगाने पुढे ढकलायचा आणि समोरच्या हॉल-ऑफने पाइप किती वेगाने ओढायचा. ओढ कमी केली की पाइपची भिंत जाड होते, वाढवली की पातळ. बाहेरचा व्यास ठरलेला असतो, त्यामुळे वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. फरक असतो तो आतल्या बाजूला. तर एका वर्षी व्यवस्थापनाने ऑपरेटरचं टार्गेट किलोत ठरवलं, शिफ्टला अमुक किलो. कागदावर अगदी चोख दिसत होतं. दोन-तीन महिन्यांत स्टोअर्सवाला बोंबलायला लागला, की रेझिन, म्हणजे पाइपचा कच्चा माल, ठरल्यापेक्षा जास्त जातंय. जाणारच. किलो भरायचे तर पाइप थोडा जाड काढणं सगळ्यांत सोपं. समजा एका सहा मीटरच्या पाइपमागे 200 ग्रॅम जास्त गेले, तर 500 पाइपमागे 100 किलो माल फुकट. ग्राहक पैसे नगावर देतो, वजनावर नाही. आणि रेटिंग मात्र सगळ्यांचं उत्तम!

मग पुढच्या वर्षी टार्गेट मीटरवर नेलं. आता पाइप पातळ व्हायला लागले. आयएस 4985 या पाइपच्या भारतीय मानकात भिंतीची कमीत कमी आणि जास्तीत जास्त जाडी दिलेली आहे; माल त्या खालच्या रेषेला घासून निघायला लागला आणि अधूनमधून रेषेच्या खालीही. चोपड्याकडून, रावेरकडून तक्रारी आल्या, की पंप चालू केला की सॉकेटपाशी चीर जाते. केळीच्या बागेला ऐन मे महिन्यात दोन दिवस पाणी थांबलं तर शेतकरी काय बोलतो, ते ज्यांनी डिस्पॅचचा फोन उचललाय त्यांना विचारा. यात ऑपरेटर चोर होता का? मुळीच नाही. ज्यावर पैसे ठेवले होते, ते त्याने आणून दिलं.

याच काळात अमळनेरकडचा एक जुना ऑपरेटर माझ्या टेबलासमोर येऊन बसला. फॉर्म उलटा करून ठेवला आणि म्हणाला, "ताई, किलो बी तुमना, मीटर बी तुमना. लाइट जास ती कोनी शे?" किलो तुमचे, मीटरही तुमचे, मग लाइट जाते ती कोणाची, असं तो अहिराणीत विचारत होता. त्याचं म्हणणं समजायला पीव्हीसीचा स्वभाव ठाऊक हवा. वीज ट्रिप झाली की गरम बॅरलमध्ये अडकलेला माल बसल्या जागी करपतो. तपकिरी होतो, काळा पडतो, डोळे चुरचुरतील असा वास सुटतो. मग डाय, म्हणजे पाइपला आकार देणारं तोंड, उघडायची, पितळी पट्टीने खरडायची, माल बाहेर काढायचा, पुन्हा तापमान लावायचं. अर्धी शिफ्ट यातच जाते. उन्हाळ्यात, म्हणजे ठिबक आणि पूर्वहंगामी कापसामुळे पाइपला सगळ्यांत जास्त मागणी असते तेव्हाच हे जास्त होतं. ज्याच्या वाट्याला ट्रिपची शिफ्ट आली तो मागे, ज्याच्या वाट्याला आली नाही तो पुढे. वर्षाअखेरी आकड्यांकडे बघून एकाला हुशार आणि दुसऱ्याला ढिला ठरवलं जातं.

अमेरिकेतले गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग हेच दाखवायला लाल-पांढऱ्या मण्यांचा एक खेळ करत. पेटीत दोन्ही रंगांचे मणी मिसळलेले, भोकं पाडलेली फळी बुडवून मणी उचलायचे, आणि पांढरे जास्त आणणाऱ्याला शाबासकी, लाल आणणाऱ्याला दम. उचलणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, तरी पाचसहा फेऱ्यांनंतर बघणाऱ्यांनाही अमुक एक माणूस कामाचा आहे असं वाटायला लागतं. वार्षिक मूल्यमापनाला डेमिंग व्यवस्थापनाच्या जीवघेण्या रोगांत मोजत. मी तेवढं टोकाचं म्हणणार नाही. कामाची नोंद न ठेवणाऱ्या कारखान्यात मालकाच्या मर्जीचं राज्य असतं, तेही पाहिलंय. पण माणसाच्या हातात काय आहे आणि काय नाही, याचा निवाडा यंत्रापाशी उभं राहून झाला पाहिजे. तो पुण्याच्या टेम्प्लेटमध्ये मिळत नाही.

शेवटी आमच्याकडे त्या ऑपरेटरला, त्याच्या जोडीदाराला आणि शिफ्ट इंचार्जला एका बाकावर बसवून मापं ठरवली गेली. दर तासाला पाइप वजन करून ठरलेल्या पट्ट्यात किती बसले. रिजेक्शन किती. ट्रिप झाल्यावर लाइन पुन्हा चालू करायला किती वेळ लागला, कारण लाइट जाणं त्याच्या हातात नसलं तरी डाय किती लवकर साफ होते हे त्याच्या हातात आहे. आणि चौथं, हाताखालच्या हेल्परला काय शिकवलं. बस. आठ-दहा केआरए आणि प्रत्येकाला टक्केवारीचं वजन, असली भानगड नाही. विजेमुळे बंद पडलेले तास हिशेबातून वेगळे काढले. ज्याने मापं स्वतः ठरवली, तो फॉर्म उलटा ठेवत नाही.

बेल कर्व्हचं खूळही अजून गेलेलं नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या काळात माणसांची वरची 20 टक्के, मधली 70 टक्के आणि खालची 10 टक्के अशी वाटणी करत. मायक्रोसॉफ्टमध्येही सक्तीची क्रमवारी होती. त्यांनी ती 2013 मध्ये मोडीत काढली. खुद्द जनरल इलेक्ट्रिकही पुढे त्यातून बाहेर पडली. आपल्याकडे मात्र सल्लागार अजून तीच वाटणी घेऊन येतात. एका कारखान्यात मेंटेनन्सला नऊ माणसं होती, फिटर आणि इलेक्ट्रिशियन धरून. नऊही कामाची. पण सॉफ्टवेअर म्हणे, एकाला तरी तळाला टाकल्याशिवाय शीट सबमिट होणार नाही. टाकलं एकाला, जो भांडणार नाही त्याला. त्यानंतर झालं ते एवढंच, की पॅनेलमधला बिघाड शोधायची युक्ती जो सगळ्यांना दाखवायचा, तो दाखवेनासा झाला. पुढच्या वर्षी तळाला आपण नको, एवढं त्याला कळलं होतं. हजारो माणसांच्या गर्दीत जे गणित एकवेळ चालेल, ते नऊ माणसांवर लावणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा.

मोजणाऱ्या माणसाबद्दल तर कोणी बोलतच नाही. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्येच दाखवून दिलं, की सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना गुण देताना एका बाबतीत चांगला वाटलेला माणूस सगळ्याच बाबतीत चांगला धरतात. शंभर वर्षं झाली. आपल्या फोरमनचं वेगळं काय होणार? टापटीप कपडे घालणारा, मान खाली घालून ऐकणारा, साहेबांच्या घरी केळीचा घड पोचता करणारा सगळ्याच रकान्यांत पास. गाववाला असेल तर विचारूच नका, आणि समाजाचा असेल तर... हे छापाल की नाही माहीत नाही, पण प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. त्यात आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, असते. एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये मस्टर विरळ होतं, लेकी-सुना माहेरी जातात, बाप्ये गावाकडे. फॉर्म भरायचे राहिले असतील तर फोरमन नेमका त्याच आठवड्यात लाइनवर माणसं कमी म्हणून डोकं धरून बसलेला असतो. पॅकिंगमधल्या एका बाईने वर्षभरात एकही खाडा केला नव्हता. तिच्या फॉर्मवर शेरा आला, "हजेरी अनियमित." मस्टर मी सांभाळत होते म्हणून मला दिसलं. ज्या कारखान्यात मस्टर आणि फॉर्म वेगवेगळ्या माणसांच्या हातात आहेत, तिथे कोण बघणार?

यावर उपाय दहा रुपयांचा आहे. फोरमनच्या खिशात एक वही. त्यात तारखेनिशी लिहायचं, जे डोळ्यांनी पाहिलं तेच. "वागणूक चांगली" असं नाही. "रात्रपाळीला व्हॅक्यूम टाकीचं पाणी कमी होतंय हे स्वतः ओळखलं, मेंटेनन्सला बोलावलं, लाइन थांबू दिली नाही," असं. वाईटही तसंच. ही काही माझी कल्पना नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना फ्लॅनगन यांनी घडलेल्या प्रसंगांच्या नोंदींवरून काम जोखायची रीत बसवली आणि 1954 मध्ये ती मांडली. वहीला लॉगिन लागत नाही. फोरमन सुरुवातीला कुरकुर करतात, "आम्ही लाइन बघायची का निबंध लिहायचा?" आठवड्याला एका माणसाबद्दल दोन ओळी, एवढंच मागितलं तर लिहितात.

आता मुख्य मुद्दा. लिहिलेलं ज्याच्याबद्दल आहे, त्याला दाखवा.

सरकारी नोकरीतल्या वाचकांना सीआर म्हणजे काय ते सांगायला नको. भुसावळच्या रेल्वेतल्यांना, जिल्हा परिषदेतल्या गुरुजींना, सगळ्यांना गोपनीय अहवालाची भीती ठाऊक आहे. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. सीमा रस्ते संघटनेतला एक कार्यकारी अभियंता. 1993-94 च्या अहवालात त्याला "चांगला" असा शेरा होता. पदोन्नतीसाठी "अतिशय चांगला" लागत होता. "चांगला" हा काही प्रतिकूल शेरा नाही, म्हणून तो कळवायची गरज नाही, असं कार्यालयाचं म्हणणं. त्या एका शेऱ्यामुळे बढती हुकली. न्यायालयाने सांगितलं, शेरा चांगला असो की वाईट, प्रत्येक नोंद त्या कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध म्हणणं मांडता येईल. 2009 मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायची पद्धत सुरू केली, आणि 2013 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही हेच म्हणणं उचलून धरलं. म्हणजे ज्या सरकारी कारभाराला आपले उद्योजक ऊठसूट नावं ठेवतात, तो या बाबतीत पुढे गेला. आपल्या कारखान्यांत भरलेले फॉर्म अजून एचआरच्या कपाटात, आणि किल्ली मालकांच्या टेबलात. तो निकाल खासगी कारखान्याला लागू नाही, हे मला कळतं. पण न लागू होणाऱ्या निकालातलं शहाणपण घ्यायला कोणी मनाई केली आहे का?

दाखवायचं म्हणजे बोलावं लागतं, आणि इथेच घोडं अडतं. आपल्याकडे फोरमन होतो तो उत्तम ऑपरेटर असतो म्हणून. माणसाशी कसं बोलायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. क्लुगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये कामाबद्दल अभिप्राय देण्यावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरीने काम सुधारतं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट खालावलं. बोलणं कामावरून माणसावर घसरलं, की तसं होतं. याचं उदाहरण बघायला दूर जायला नको. "तुझं डोकंच चालत नाही" हे वाक्य मी एका केबिनमध्ये काचेतून नुसतं ओठांवरून वाचलंय. त्याच फोरमनला नंतर कँटीनमध्ये, लाइनच्या आवाजापासून लांब, चहा पुढ्यात ठेवून बसायला सांगितलं. अट एवढीच, की पहिली पाच मिनिटं समोरच्याने बोलायचं. समोरचा पोरगा बराच वेळ कप फिरवत बसला. मग म्हणाला, की दुसऱ्या लाइनचा तापमानाचा कंट्रोलर दिवाळीपासून चुकीचा आकडा दाखवतोय, म्हणून त्याचा माल जळतो. फोरमन तडक उठला, कंट्रोलर बघायला. ते मूल्यमापन तिथेच झालं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती मीटिंग अपूर्ण दाखवत राहिली.

पैशाचं बोलणं वेगळ्या दिवशी ठेवावं. भारतात लार्सन अँड टुब्रोसाठी आयआयएम अहमदाबादच्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी 1970 च्या दशकात जी पद्धत आखली, तिच्यात मूल्यमापनाबरोबर समुपदेशन, प्रशिक्षण आणि माणसाची पुढची वाटचाल असं सगळं होतं. आपण त्यातलं फक्त इन्क्रिमेंट उचललं. खरं तर पगारवाढीचा एकूण आकडा मालकांनी मार्चआधीच ठरवलेला असतो आणि मग रेटिंगं त्याला जुळवून घेतली जातात. मग तसं सरळ सांगावं. यंदा बाजार असा आहे, रेझिनचे भाव असे होते, वाटायला इतकेच आहेत. कामगार समजून घेतो. खोटं रेटिंग समजून घेत नाही.

आपल्या भागात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपायचं. मालक आणि सालदार ओट्यावर समोरासमोर बसून नवं साल ठरवायचे. त्या पद्धतीचे गोडवे मला गायचे नाहीत. उचल घेतलेला माणूस काय कप्पाळ घासाघीस करणार! पण काय पटलं नाही, ते तोंडावर तरी बोललं जायचं, आणि बैल आजारी पडला तर त्यात सालदाराचा दोष किती, हे दोघांनाही ठाऊक असायचं. आज डॅशबोर्डवर 3.2 असा आकडा येतो आणि तो कुठून आला, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कंत्राटी कामगारांबद्दल थोडक्यात. पॅकिंग आणि लोडिंग त्यांच्याच जिवावर चालतं, पण त्यांचा फॉर्मच नसतो. काम चांगलं केलं याची कुठे नोंद नाही, आणि कायम करायची वेळ आली की ठेकेदाराची शिफारस चालते. खिशातल्या वहीत त्यांचीही पानं असायला हरकत नाही.

ज्यांना खरंच पद्धत बसवायची आहे, त्यांनी एका विभागात, एका तिमाहीपुरती करून बघावी. आधी फोरमनना बोलायला शिकवावं. औद्योगिक संघटनांनी आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागाने मिळून, मराठीत, रविवारी, अशी शिबिरं घेतली तर मी बिनमोबदला यायला तयार आहे. मग मापं, मग वही, मग फॉर्म. सॉफ्टवेअर सगळ्यांत शेवटी, आणि घ्यावंसं वाटलं तरच. मालकांचे पुतणे, मेहुणे, भाचे यांचेही फॉर्म भरले जावेत. ते राहिले तर बाकीच्यांचे कोणी मनावर घेत नाही.

आणि यंदाचे फॉर्म भरून कपाटात गेले असतील, तर त्यांची एकेक झेरॉक्स मे महिन्याच्या पगारपत्रकासोबत ज्याची त्याला द्यावी. खाली चार ओळी कोऱ्या सोडाव्यात, त्याचं म्हणणं लिहायला. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं टाइम ऑफिसने लिहून घ्यावं आणि त्याला वाचून दाखवावं. पंधरा दिवसांत उत्तर द्यावं, तेही लेखी.

आपली विश्वासू,
मनुष्यबळ विभागातील एक निवृत्त अधिकारी, जळगाव

(माझं नाव छापू नये, ही विनंती. पत्रातली काही माणसं अजून नोकरीत आहेत.)